महमूद गावानच्या मदरशाचे दोन फोटो

खोपटच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत फोटोचं एक दुकान आहे. पूर्वी तिथे रोल धुऊन मिळायचे. आता पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. गेल्या महिन्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले, तेव्हा काउंटरवर माझ्यासाठी दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. फोटो एकच, मी काढलेला: बिदरचा महमूद गावानचा मदरसा. एक प्रिंट रंगीत, दुसरी ब्लॅक अँड व्हाइट. शाळेच्या जिन्याजवळच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम लावायची होती. शिक्षकांच्या वर्गणीतून पैसे जमले ते एकाच फ्रेमपुरते.

दुकानातला मुलगा विशीतला असेल. त्याने ब्लॅक अँड व्हाइटवर बोट ठेवलं. म्हणाला, "मॅडम, हीच घ्या. रंगीतमध्ये पडकी बिल्डिंग वाटते. यात हिस्टॉरिकल वाटतं."

मी दोन्ही प्रिंट गुंडाळून घरी आणल्या आणि आठ दिवस ठरवू शकले नाही. एवढ्याशा गोष्टीला आठ दिवस कशाला, असं घरच्यांनी विचारलं. त्याचं उत्तर द्यायला हा लेख.

आधी मदरशाविषयी. कल्याणला बिदर एक्स्प्रेस पकडली की सकाळी बिदर. जिल्हा कर्नाटकात, पण औराद-भालकीकडच्या बाजारात मराठी सहज कानावर पडते, आणि जुन्या शहरात दख्खनी. मला दोन्ही कळतात, त्यामुळे परगावी आल्यासारखं वाटलंच नाही. ज्याच्या नावाचा हा मदरसा, तो महमूद गावान मात्र खरा परगावचा माणूस. इराणच्या गिलान प्रांतातला, जन्म 1411 चा. 1453 च्या सुमारास व्यापारी म्हणून बहमनी राज्यात आला. म्हणजे चाळिशी उलटल्यावर! आमच्या स्टाफरूममध्ये चाळिशी उलटली की लोक निवृत्तीची गणितं मांडायला लागतात. हा माणूस त्या वयात नव्या मुलखात आला, 'मलिक-उत-तुज्जार' झाला, पुढे 'ख्वाजा जहाँ' हा किताब मिळवून वजीर झाला. कोकणच्या मोहिमेवर गेला. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला आणि 1472 मध्ये गोवा. त्याच वर्षी बिदरमध्ये हा मदरसा तयार झाला. तीन मजली इमारत, मध्ये चौक, भोवती शिकवण्याच्या आणि राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ग्रंथालय. फरिश्त्याने ग्रंथांची संख्या तीन हजार दिली आहे. आराखडा खुरासान-समरकंदकडच्या मदरशांसारखा. दख्खनमध्ये त्याचा जोड दुसरा नाही.

शेवट वाईट झाला. दरबारातल्या विरोधकांनी त्याचा शिक्का वापरून ओरिसाच्या राजाच्या नावे एक खोटं पत्र तयार केलं आणि सुलतान तिसऱ्या महंमदशहाने 5 एप्रिल 1481 रोजी त्याला ठार करवलं. सत्तरीच्या माणसाला, चौकशीविना. गावानने पत्रलेखनाच्या कलेवर ग्रंथ लिहिले होते, आणि त्याचा जीव गेला तो न लिहिलेल्या पत्रामुळे. सहावीच्या वर्गात हा भाग सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा बदलतो.

आता रंगाकडे येते. या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर झिलईदार रंगीत फरशांचं काम होतं. गडद निळा, फिरोजी, पांढरा, पिवळा, हिरवा. वरच्या बाजूला कुरआनाच्या आयतींचा पट्टा, तोही अशाच फरशांचा. उरलेल्या एका मिनारावर नागमोडी रेघांची नक्षी. उर्दू-फारसीत या कामाला 'काशीकारी' म्हणतात, इराणातल्या काशान शहरावरून. वर्गात हा शब्द आला की कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, काशी म्हणजे बनारसवाली?" नाही रे बाबा.

यातल्या बहुतेक फरशा आज नाहीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या ताब्यात बिदर असताना, इमारतीत ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. वीज पडली असंही सांगतात. दर्शनी भागातला दुसरा मिनार, प्रवेशद्वार आणि दक्षिणेकडचा भाग त्यात गेला. उरलं ते पुढच्या तीनशे पावसाळ्यांनी खरवडलं. त्यामुळे माझ्या रंगीत फोटोत दिसतं ते असं: मळकट दगड, त्यावर जागोजाग निळ्या-फिरोजी फरशांची ठिगळं, ठिगळांच्या मध्ये उघडा चुना, एका बाजूला दुरुस्तीचा डाग, कोपऱ्यात विजेची तार. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हे सगळं कुठे जातं? कुठेच जात नाही. पण सगळं एकाच करड्या रंगात मुरतं. ठिगळं दिसेनाशी होतात. भिंत अखंड वाटते, गंभीर वाटते. दुकानातल्या मुलाचं म्हणणं याच अर्थाने बरोबर होतं.

मी पुन्हा दुकानात गेले. मुलाला म्हटलं, हा करडा रंग तू ठरवलास की मशीनने? त्याने मला कॉम्प्युटरच्या बाजूला स्टूल दिलं. रंगीत फोटोचं कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाचं वेगळं स्लायडर असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याने निळ्याचं स्लायडर उजवीकडे ओढलं. फिरोजी फरशा एकदम पांढऱ्या झाल्या, जणू भिंतीला चुना लावलाय, आणि आकाश कोऱ्या कागदासारखं. मग डावीकडे ओढलं. फरशा काळ्या झाल्या, आकाश वादळी, मिनार सिनेमाच्या पोस्टरसारखा. मधोमध ठेवलं तर फरशी आणि दगड यांचा करडेपणा इतका जवळ आला की नक्षीच गायब. नागमोडी रेघा होत्या तिथे साधा दगड. तीन फोटो, एकाच भिंतीचे. आपण 'ब्लॅक अँड व्हाइट' असं एका दमात म्हणतो, पण ती एक गोष्ट नाहीच. निळ्याचं काय करायचं हे कुणीतरी प्रत्येक वेळी ठरवलेलं असतं.

किंवा रसायनाने ठरवलेलं असतं. घरी येऊन मी जुन्या फोटोग्राफीविषयी वाचायला बसले, आणि पहिला धक्का इथेच बसला. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची रीत जाहीर केली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, काच ओली आहे तोवर फोटो काढून लगेच धुवायची. त्यासाठी काळोखी राहुटी सोबत न्यायची. दख्खनच्या उन्हात ही काच वाळायला किती वेळ लागत असेल! पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की ही काच रंगांध होती. तिला निळा-जांभळा प्रकाश दिसे. पिवळा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं. त्यात ढग नव्हते असं नाही, काचेला ते वेगळे करता येत नव्हते. पांढरा घुमट असला तर तो आकाशात विरघळून जाई. आणि निळी काशीकारी? निळी जमीन उजळ होई आणि तिच्यावरची पांढरी अक्षरं तिच्यात बुडून जात. पिवळी फुलं काळी पडत. म्हणजे दुकानातल्या मुलाने निळ्याचं स्लायडर उजवीकडे ओढलं, तेव्हा मी एकोणिसाव्या शतकाच्या डोळ्यांनी बघत होते.

या काचेतूनच आपल्या इमारतींचा पहिला मोठा फोटोसंग्रह तयार झाला. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने बॉम्बे आर्टिलरीतल्या बिग्ज या अधिकाऱ्याला इलाख्यातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. त्याचे विजापूरचे फोटो 1866 च्या 'आर्किटेक्चर अ‍ॅट बीजापूर' या ग्रंथात आले. मजकूर मेडोज टेलर आणि जेम्स फर्ग्युसन यांचा. त्या ग्रंथात इमारतींच्या फोटोंबरोबर रेखाटनांचेही फोटो आहेत, आणि रेखाटनं करणाऱ्यांत 'नेटिव्ह' नक्शानवीसही होते. त्यांचा उल्लेख आहे, नावं नाहीत. असो.

विजापूरच्या इब्राहिम रोझ्यात दगडात कोरून आरपार केलेली अरबी अक्षरं आहेत, खिडक्याच अक्षरांच्या. तिथे कृष्णधवल फोटो रंगीतपेक्षा सरस, हे मी बिनशर्त मान्य करते. ऊन आणि सावली, एवढीच तिथली शाई. पण त्याच शहरातल्या जामा मशिदीचा मिहराब, 1636 मध्ये महंमद आदिलशहाने रंगवून घेतलेला, सोन्याने आणि रंगांनी भरलेला, तो कृष्णधवलमध्ये बघणं म्हणजे बिर्याणीचं वर्णन ऐकून पोट भरणं. बिदरजवळच्या अष्टूरला अहमदशहा वलीच्या मकबऱ्यातही तेच. घुमटाच्या आतून शेंदरी, निळा, सोनेरी, आणि फोटो कृष्णधवल केला की सगळी काजळी. आमच्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर कल्याणची शेनाळे तळ्याकाठची काळी मशीद. तिचा दगडच काळा, नावच काळं. तिला कुठलीही प्रिंट चालेल.

म्हणजे प्रश्न चवीचा नाही. इमारत कशाने बांधली आहे, रंगाने की उंच-सखोलपणाने, हे आधी बघायला हवं. हा प्रश्न आपल्याकडे एका माणसाने फार गंभीरपणे हाताळला. त्याचं नाव गुलाम यज़दानी. 1885 मध्ये जन्मलेले यज़दानी निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे 1914 पासून प्रमुख. औरंगाबाद, वेरूळ, अजिंठा, बिदर, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. मराठवाड्यातल्या वास्तूंवर इतकं काम केलेल्या या माणसाचं नाव मराठी शाळेत कधी घेतलं जात नाही. उर्दू शाळेतही नाही, हे मी माझ्याच नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

अजिंठ्याच्या चित्रांची नक्कल करायचे त्याआधीचे प्रयत्न म्हणजे आगीची मालिका. रॉबर्ट गिल 1844 पासून अनेक वर्षं तिथे राहून रंगीत नकला करत होता. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि 1866 मध्ये जवळपास सगळ्या जळाल्या. मग जे.जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी 1885 च्या आगीत गेल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत नंदलाल बोस, असित हलदार यांच्यासोबत हैदराबादचे सय्यद अहमद हे चित्रकार होते. यज़दानींनी ठरवलं की आता आधार फोटोचा घ्यायचा. 1930 मध्ये त्यांच्या अजिंठा-ग्रंथाचा पहिला भाग निघाला, चौथा 1955 मध्ये. ग्रंथाच्या नावातच 'रंगीत आणि एकरंगी प्रतिकृती' असे शब्द आहेत. दोन्ही. त्यांनी एकाची निवड करून दुसरं फेकलं नाही. पाव शतक दोन्ही सांभाळलं. आणि ज्या रंगांचे फोटो त्यांना घ्यायचे होते त्यांवर आदल्या दशकातच लाखेचा लेप बसलेला होता. 1920 च्या सुमारास चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी तो दिला, आणि कालांतराने तो पिवळा पडत गेला. म्हणजे रंगीत फोटोतला रंगही मूळचाच असेल असं नाही. बिदरवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1947 चा. ज्या वर्षी सगळा देश दुसऱ्याच गोष्टींनी पेटला होता, त्या वर्षी मदरशाच्या फरशांचं वर्णन छापून आलं. या योगायोगापाशी मी बराच वेळ थांबले होते.

मधल्या काळात काचेला दृष्टी येत गेली होती. 1873 मध्ये जर्मनीत फोगेलने रंगद्रव्यं मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवला. 1906 पासून सगळे रंग पकडणाऱ्या काचा विकत मिळू लागल्या. 1907 मध्ये ल्यूमिएर बंधूंनी बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून रंगीत फोटो बाजारात आणला. बटाटा! हे वर्गात सांगितलं की मुलं विश्वास ठेवत नाहीत.

आणि राजा दीनदयाळ यांना विसरून चालणार नाही. सरधन्याच्या जैन घरातला हा माणूस निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. सहाव्या निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे रूप देणारा, आकार देणारा. हे अल्लाहच्या नावांपैकीही एक नाव. तस्वीर काढावी की नाही यावर आमच्याकडे अजून वाद घालणारे लोक आहेत, आणि एका मुस्लिम राजाने एका जैन फोटोग्राफरला किताब दिला तो हा.

या सगळ्या वाचनात एक घरगुती गोष्ट आठवत राहिली. आमच्या नानीचा लग्नानंतरचा एक फोटो आहे. मूळ ब्लॅक अँड व्हाइट, पण त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे स्टुडिओतल्या माणसाने हाताने रंगवलेला. गाल गुलाबी, ओढणी पोपटी. लहानपणी मी नानीला विचारलं होतं, ती ओढणी कुठंय? नानी हसून म्हणाली, "हिरवी कधी नव्हतीच. लाल होती. रंगवणाऱ्याला काय माहीत?" आम्ही सगळी नातवंडं तिला पोपटी ओढणीतच ओळखतो. म्हणून जेव्हा दुकानातल्या मुलाने तिसरा पर्याय सुचवला, की मॅडम, रंग जरा उठवतो, पडलेल्या फरशासुद्धा भरून देतो, एआय आहे ना, तेव्हा मी घाईने नको म्हणाले. इतक्या घाईने की तो दचकला.

आता खरा वाद. तो दुकानातला नव्हता, स्टाफरूममधला होता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, इतिहास शिकवतात, त्यांनी दोन्ही प्रिंट बघितल्या आणि कृष्णधवल उचलली. म्हणाले, "मॅडम, आपली मुलं रोज पडकंच बघतात. गळकी छपरं, अर्धवट बांधकामं. शाळेत तरी त्यांना रुबाब दिसू दे." याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ते मुलांवर जीव टाकणारे शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पाठ्यपुस्तकात बहमनी काळ दोन-चार ओळींत येतो. मुलाला 'तुझ्या मातीत पाचशे वर्षांपूर्वी असं विद्यालय होतं' हे सांगताना अखंड, भारदस्त भिंत दाखवावी असं कुणालाही वाटेल.

मला अडचण दोन ठिकाणी होती. एक, त्या रुबाबासाठी आपण नेमका रंग काढून टाकत होतो, आणि गावानने पैसा ओतला होता तो रंगावर. करडा मदरसा हा गावानचा मदरसा नाही. तो काचेचा मदरसा आहे, साहेबाच्या ओल्या काचेचा. दुसरी अडचण सांगायला थोडी अवघड. कृष्णधवल फोटोत इमारत 'जुनी' दिसते, म्हणजे आपोआप, कुणी काही न करता, काळाने अशी झालेली. कुणी केलं हा प्रश्नच उठत नाही. रंगीत फोटोत फरशा कुठे थांबतात आणि पडझड कुठे सुरू होते ती सीमा स्पष्ट दिसते. ती दिसली की मूल विचारणार. आणि उत्तर असं आहे की ही पडझड कुणा परक्याने केली नाही. एका मुसलमान बादशहाच्या अंमलात, एका मुसलमान वजिराने बांधलेल्या मदरशात दारूगोळा भरला गेला. पुस्तकांच्या खोल्यांच्या शेजारी. सहकाऱ्यांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाली मजकूर लिहिणार ना? मग तोही लिहा. अर्धवट लिहू नका."

मजकूर दोन्ही भाषांत लिहिला. मराठी मी, उर्दू त्यांनी. 1472, गावानचं नाव, काशीकारी, स्फोट, औरंगजेबाचा काळ. गिलानचा उल्लेख त्यांनी हट्टाने घातला. मीही एक हट्ट केला, यज़दानींचं नाव एका ओळीत बसवलं. प्रिंट रंगीत निवडली. रंग उठवला नाही, तार खोडली नाही. आकाश त्या दिवशी ढगाळ होतं, तेही तसंच मळकं ठेवलं. त्यामुळे निळ्या फरशा उलट जास्त निळ्या दिसतात, हे मला फ्रेम भिंतीवर चढल्यावर कळलं. कृष्णधवल प्रिंट सहकाऱ्यांनी मागून घेतली. त्यांच्या घरी हॉलमध्ये लावली आहे, आणि चांगली दिसते.

फ्रेम लागली त्या दिवशी पाचवीची मुलं जिन्यातच थांबली. एकाने फरशांवर बोट फिरवून बघितलं, ऑइलपेंट आहे का म्हणून. दुसऱ्याने मिनार मोजला आणि विचारलं, "टीचर, दुसरा कुठंय?" मी सांगितलं की मदरशात दारू ठेवली होती, तिचा भडका उडाला. क्षणभर शांतता, आणि मग जिनाभर हसू. "मदरशात दारू!"

पुढचा तास त्यातच गेला. फळ्यावर एका बाजूला मराठी, एका बाजूला उर्दू. मराठीत दारू म्हणजे प्यायची ती, आणि तोफेत भरायची तीही. उर्दूत तोफेतली ती बारूद, आणि दारू म्हणजे औषध, दवा-दारूतली. मिनार मोजणाऱ्या मुलाने तिन्ही अर्थ वहीत उतरवले आणि त्यांच्याखाली, न सांगता, दोन मिनार काढले. एक निळ्या पेनने, एक पेन्सिलीने.